थिओडोर पार्कर: जीवन आणि लेखन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतील बोस्टनचे युनिटेरियन पाळक थिओडोर पार्कर (१८१०–१८६०) यांच्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना दोनच गोष्टींचे कुतूहल असते: न्यायाकडे झुकणाऱ्या कमानीचे प्रसिद्ध वाक्य मुळात कोणाचे, आणि धर्मोपदेशक असलेल्या माणसाने शस्त्र का बाळगले. या दोन्ही गोष्टींचे मूळ त्यांच्या धर्मविचारात आहे. म्हणून ज्यांना सगळे वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान प्रश्न ५ आधी वाचावा आणि मग हव्या त्या प्रश्नाकडे वळावे.

१. थिओडोर पार्कर कोण होते, हे थोडक्यात सांगता येईल का?

ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन येथे २४ ऑगस्ट १८१० रोजी जन्मलेले धर्मोपदेशक, बायबलचे अभ्यासक, गुलामगिरीचे कट्टर विरोधक आणि आपल्या काळातील अमेरिकेतले सर्वांत जास्त श्रोते लाभलेल्या वक्त्यांपैकी एक होते. १८३७ मध्ये वेस्ट रॉक्सबरी या बोस्टनजवळच्या लहानशा गावी ते पाळक झाले. १८४५ पासून ते बोस्टन शहरात प्रवचने देऊ लागले आणि १० मे १८६० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे क्षयाने वारले. त्यांचे आजोबा कॅप्टन जॉन पार्कर यांनी १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनच्या मैदानात इंग्रज फौजेसमोर उभ्या राहिलेल्या स्थानिक तुकडीचे नेतृत्व केले होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक ती हीच. हा वारसा पार्कर यांनी फार अभिमानाने मिरवला. आजोबांच्या दोन बंदुका त्यांच्या अभ्यासिकेत असत, आणि मृत्युपत्राने त्या त्यांनी राज्याला दिल्या.

२. युनिटेरियन म्हणजे नेमके कोण? ते ख्रिस्तीच ना?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत न मानता देव एकच आहे असे मानणारा आणि येशूला देव न म्हणता देवाचा श्रेष्ठ संदेशवाहक किंवा गुरू समजणारा हा ख्रिस्ती परंपरेतला पंथ आहे. अमेरिकेत विल्यम एलरी चॅनिंग यांच्या १८१९ च्या बाल्टिमोर येथील प्रवचनाने त्याला स्पष्ट वैचारिक रूप मिळाले आणि १८२५ मध्ये अमेरिकन युनिटेरियन असोसिएशन स्थापन झाली. पार्कर यांच्या तारुण्यात बोस्टनमधील सुखवस्तू आणि सुशिक्षित घराण्यांचा हाच मुख्य धर्म होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, नाहीतर पुढचा वाद कळत नाही. हे जुने युनिटेरियन त्रैक्य नाकारत असले तरी येशूचे चमत्कार घडले असे मानत, आणि येशूची शिकवण ईश्वरी असल्याचा पुरावा म्हणून त्या चमत्कारांकडेच बोट दाखवत. त्यांनी स्वतःला बुद्धिवादी म्हणवून घेतले खरे, पण त्या बुद्धिवादाला एक कुंपण होते. पार्कर यांनी ते ओलांडले.

३. त्यांचे शिक्षण कोठे झाले? हार्वर्डची पदवी त्यांच्याकडे होती का?

सर्वसाधारण अर्थाने नव्हती. शेती करणाऱ्या आणि लाकडी पंप बनवणाऱ्या बापाच्या अकरा मुलांपैकी ते शेवटचे. १८३० मध्ये घरी न सांगता ते हार्वर्डची प्रवेश परीक्षा देऊन आले आणि उत्तीर्ण झाले. मात्र फी भरण्याइतका पैसा घरात नव्हता, म्हणून शेतावर आणि नंतर शाळामास्तर म्हणून काम करीत त्यांनी सगळा अभ्यासक्रम घरीच पुरा केला. वॉटरटाउन येथे शाळा चालवत असताना तेथील पाळक कॉन्व्हर्स फ्रान्सिस यांनी आपला ग्रंथसंग्रह त्यांच्यासाठी मोकळा केला. १८३४ ते १८३६ या काळात त्यांनी हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले, आणि १८४० मध्ये हार्वर्डने त्यांना एम.ए. ही पदवी सन्मानार्थ दिली.

त्यांच्या भाषाज्ञानाबद्दल अतिशयोक्त आकडे फिरत असतात. लॅटिन, ग्रीक, हिब्रू आणि जर्मन यांवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते आणि इतर अनेक भाषांत ते कामापुरते वाचू शकत, एवढे निश्चित. जर्मनमुळे त्यांना नव्या बायबल-समीक्षेचे दार उघडले. डी वेट्टे या जर्मन पंडिताच्या जुन्या करारावरील ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर १८४३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वतःची इतकी भर घातली आहे की त्याला नुसते भाषांतर म्हणणे अन्यायाचे होईल.

४. लहानपणी कासवाला मारता मारता त्यांना ‘आवाज’ ऐकू आला, ही गोष्ट खरी की भाविकांनी रचलेली?

ती खुद्द पार्कर यांनी अखेरच्या आजारपणात लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी एका तळ्याकाठी ठिपक्यांचे लहान कासव पाहून त्यांनी काठी उगारली. इतर मुले प्राण्यांना मारतात हे त्यांनी पाहिले होते, पण त्या क्षणी ‘हे चूक आहे’ असे आतून कोणीतरी स्पष्टपणे म्हटल्यासारखे वाटले आणि हात थांबला. घरी येऊन त्यांनी आईला विचारले, तेव्हा तिने सांगितले की लोक याला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात, पण मी त्याला माणसाच्या आत्म्यातला देवाचा आवाज म्हणते. ऐकत राहिलास तर तो अधिक स्पष्ट होईल, दुर्लक्ष केलेस तर हळूहळू विझेल.

पन्नाशीला टेकलेल्या आणि मरण समोर दिसत असलेल्या माणसाने सांगितलेली ही आठवण आहे, त्यामुळे तिला नंतरच्या विचारांचा रंग चढलेला असणे शक्य आहे. तरीही आई हॅना १८२३ मध्ये, ते तेरा वर्षांचेही नसताना, क्षयाने गेली आणि तिच्या या बोलण्याइतका ठसा आपल्यावर दुसऱ्या कशानेही उमटला नाही असे ते म्हणत. त्यांच्या धर्मशास्त्राचे बीज शोधायचे तर जर्मन ग्रंथांइतकेच या स्वयंपाकघरातल्या संवादातही शोधावे लागते.

५. १८४१ च्या ज्या प्रवचनावरून एवढा गदारोळ झाला, त्यात होते तरी काय?

१९ मे १८४१ रोजी दक्षिण बोस्टनमध्ये चार्ल्स शॅकफर्ड या तरुण पाळकाच्या दीक्षाविधीच्या वेळी पार्कर यांनी ‘ख्रिस्ती धर्मातील अनित्य आणि नित्य’ या विषयावर प्रवचन केले. शीर्षकाची कल्पना श्ट्राउस या जर्मन समीक्षकाच्या एका निबंधावरून घेतलेली होती. धर्मातले विधी, सिद्धांत, पंथांची मते आणि येशूच्या स्वरूपाबद्दलच्या कल्पना शतकाशतकाला बदलत आल्या आहेत, कालचा पाखंडी आज सनातनी ठरतो आणि आजचा सनातनी उद्या कालबाह्य होतो. टिकून राहते ती फक्त देवावरील आणि माणसावरील प्रेमाची शिकवण, असे त्यांचे म्हणणे होते.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित फारसे कोणी रागावले नसते. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही शिकवण खरी का मानायची? येशूने सांगितली म्हणून, त्याने चमत्कार केले म्हणून, की ती मुळातच खरी आहे म्हणून? भूमितीची गृहीतके युक्लिड किंवा आर्किमिडीज यांच्या वैयक्तिक अधिकारावर उभी नसतात, तशीच धर्मातली मोठी सत्ये येशूच्या अधिकारावर अवलंबून नाहीत, असे त्यांनी सरळ सांगितले. येशू नावाचा माणूस झालाच नाही असे उद्या सिद्ध झाले तरी त्या सत्यांना धक्का लागणार नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्षही त्यांनी टाळला नाही.

प्रश्न २ मधील कुंपण आठवले की युनिटेरियन पाळक का हादरले ते कळते. त्यांचा सगळा पुरावाच काढून घेतला गेला होता, आणि तोही घरच्याच माणसाकडून. श्रोत्यांत बसलेल्या, त्रैक्य मानणाऱ्या तीन सनातनी पाळकांनी आपल्या टिपणांवरून प्रवचनाचा वृत्तांत छापला आणि युनिटेरियनांना जाहीर सवाल केला की हा मनुष्य तुम्ही ख्रिस्ती समजता काय? या सवालाने त्यांची मोठीच कोंडी झाली. ‘होय’ म्हणावे तर आपण सगळेच पाखंडी ठरतो, ‘नाही’ म्हणावे तर इतकी वर्षे ज्या मोकळ्या विचाराचा डंका पिटला तो खोटा पडतो.

याच विचारांचा विस्तार पार्कर यांनी १८४१-४२ च्या हिवाळ्यात बोस्टनमधील व्याख्यानांत केला आणि १८४२ मध्ये तो ‘धर्मविषयक गोष्टींवरील प्रबंध’ या त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

६. मग युनिटेरियनांनी त्यांना बहिष्कृत केले का?

औपचारिकरीत्या कधीच नाही, आणि याबाबत फार गैरसमज आहे. ज्या पंथाला सर्वांनी मानलीच पाहिजेत अशी ठरलेली श्रद्धातत्त्वेच नव्हती त्याला ती मोडल्याबद्दल कोणाला काढून टाकण्याची सोयही नव्हती. जानेवारी १८४३ मध्ये बोस्टनच्या पाळकसंघाने त्यांना बैठकीत बोलावून अप्रत्यक्षपणे राजीनामा सुचवला. पार्कर यांनी उत्तर दिले की मुक्त चौकशीचा हक्क हा प्रश्न आहे तोवर मी स्वतःहून जाणार नाही. कठोर शब्द त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मात्र बैठकीच्या शेवटी काही जणांनी त्यांच्या प्रामाणिकपणाची स्तुती केली तेव्हा त्यांना रडू कोसळले आणि ते बाहेर पडले.

खरा बहिष्कार वेगळ्या मार्गाने आला. त्या काळी पाळक एकमेकांच्या मंडळीत आळीपाळीने प्रवचन करीत, आणि हीच आपसातल्या मान्यतेची खूण होती. पार्कर यांच्याशी ही अदलाबदल करणे एकेकाने बंद केले. १८४४ च्या अखेरीस जॉन सार्जंट यांनी त्यांना आपल्या व्यासपीठावर बोलावले आणि त्यावरून झालेल्या वादात सार्जंट यांनाच आपले पद सोडावे लागले. जानेवारी १८४५ मध्ये जेम्स फ्रीमन क्लार्क यांनी तसेच केले तेव्हा त्यांच्या मंडळीतल्या काही कुटुंबांनी बाहेर पडून वेगळी मंडळी काढली. क्लार्क स्वतः पार्कर यांच्या मतांशी सहमत नव्हते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे.

कालांतराने चित्र पालटले. ज्या संस्थेच्या लोकांनी त्यांना टाळले त्याच अमेरिकन युनिटेरियन असोसिएशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या समग्र लेखनाची शताब्दी आवृत्ती काढली.

७. बोस्टनमध्ये त्यांची स्वतःची मंडळी कशी उभी राहिली?

२२ जानेवारी १८४५ रोजी काही मित्रांनी एकत्र जमून ‘थिओडोर पार्कर यांना बोस्टनमध्ये आपले म्हणणे ऐकवण्याची संधी मिळाली पाहिजे’ एवढाच एका ओळीचा ठराव केला. चर्च कोणी देईना, म्हणून मेलोडियन नावाचे नाटकगृह भाड्याने घेतले आणि १६ फेब्रुवारीपासून दर रविवारी तेथे प्रवचने सुरू झाली. पुढे ‘अठ्ठाविसावी काँग्रिगेशनल सोसायटी’ या नावाने मंडळी रीतसर स्थापन झाली. १८५२ च्या नोव्हेंबरात ती नव्या आणि प्रशस्त बोस्टन म्युझिक हॉलमध्ये गेली, आणि तेथे दोन ते तीन हजार माणसे नियमित येत. गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन, कवयित्री ज्युलिया वॉर्ड हाउ, स्त्री-हक्कांच्या पुरस्कर्त्या एलिझाबेथ केडी स्टॅन्टन असे लोक श्रोत्यांत असत. तरुण लुइझा मे ऑल्कट यांनी पुढे आपल्या ‘वर्क’ या कादंबरीतले मिस्टर पॉवर हे पात्र पार्कर यांच्यावरूनच रंगवले.

रविवारखेरीज ते आगगाडीने गावोगाव फिरत. १८४८ पासून वर्षाला ऐंशी ते शंभर व्याख्याने आपण देत आलो, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. प्रवासात वाचता यावे म्हणून ते सोबत पुस्तकांची पिशवी ठेवत.

८. चमत्कार मानायचे नाहीत, बायबल अचूक मानायचे नाही. मग ते नास्तिकच ना?

विरोधक तसे म्हणत. १८५८ मध्ये बोस्टनमध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली तेव्हा त्यांच्या मनाचे परिवर्तन व्हावे, आणि ते होणार नसेल तर देवाने त्यांना गप्प करावे, अशा प्रार्थना जाहीर सभांतून झाल्या. पण त्यांचे लेखन वाचणाऱ्याला हा आरोप टिकवता येत नाही. त्यांच्या मते माणसाच्या स्वभावातच तीन मूलभूत जाणिवा आहेत: देव आहे ही, योग्य आणि न्याय्य असे काही आहे ही, आणि आत्मा अमर आहे ही. या जाणिवा कोणत्याही ग्रंथाने दिलेल्या नाहीत, त्यामुळे ग्रंथाची चिकित्सा केल्याने त्या नष्टही होत नाहीत. बायबलची चिकित्सा ते इतक्या निर्धास्तपणे करू शकत ते याच विश्वासामुळे. त्यांच्या प्रार्थना श्रोत्यांनी उतरवून घेतल्या आणि मृत्यूनंतर पुस्तकरूपाने छापल्या. त्यांतला भक्तिभाव इतका सलग आणि निःशंक आहे की आजचा संशयी वाचक त्यांच्या पाखंडापेक्षा त्यांच्या श्रद्धेनेच अधिक बुचकळ्यात पडेल.

प्रामाणिकपणे पाहता त्यांच्या विचारातली कच्ची जागाही हीच आहे. प्रत्येक माणसाच्या आत तोच आवाज असेल, तर बायबलचा आधार घेऊन गुलाम बाळगणाऱ्याला तो का ऐकू येत नाही? सवयीने आणि स्वार्थाने तो दबतो, हे त्यांचे उत्तर प्रश्न ४ मधील आईच्या उत्तरापेक्षा फार पुढे जात नाही.

९. ते पिस्तूल जवळ ठेवून प्रवचने लिहीत, हे खरे का? क्राफ्ट दांपत्याची हकीकत काय आहे?

खरे आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगातल्या आहेत. सप्टेंबर १८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा मंजूर झाला. दक्षिणेतून पळून उत्तरेकडील स्वतंत्र राज्यात आलेल्या माणसाला पकडून परत पाठवण्यास मदत करणे त्याने नागरिकांवर बंधनकारक केले, आणि आश्रय देणे हा गुन्हा ठरवला.

विल्यम आणि त्यांची पत्नी एलन क्राफ्ट हे गुलाम जोडपे १८४८ च्या डिसेंबरात जॉर्जियातील मेकन येथून निसटले होते. वर्णाने उजळ असलेल्या एलन यांनी आजारी गोऱ्या जमीनदाराचा वेश घेतला, विल्यम त्यांचे नोकर बनले, आणि दोघांनी उघडपणे आगगाडी व आगबोटीने हजारभर मैलांचा प्रवास केला. बोस्टनमध्ये ते पार्कर यांच्या मंडळीत येऊ लागले. ऑक्टोबर १८५० मध्ये त्यांच्या मालकाची माणसे वॉरंट घेऊन शहरात उतरली. पळून आलेल्या गुलामांना वाचवण्यासाठी स्थापलेल्या बोस्टनच्या दक्षता समितीचे पार्कर हे पुढारी होते. त्यांनी एलन यांना स्वतःच्या घरी लपवले, मेजावर पिस्तूल ठेवून त्या आठवड्याचे प्रवचन लिहिले, आणि शेवटी त्या माणसांच्या हॉटेलात जाऊन तुमच्या सुरक्षिततेची हमी आता देता येणार नाही असे त्यांना शांतपणे सुनावले. ती माणसे निघून गेली.

गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नसल्यामुळे इंग्लंडला पाठवण्यापूर्वी, ७ नोव्हेंबर रोजी, पार्कर यांनी दोघांचे रीतसर लग्न लावले. त्या विधीत त्यांनी विल्यम यांच्या एका हाती बायबल आणि दुसऱ्या हाती लांब पात्याचा सुरा दिला. पत्नीचे स्वातंत्र्य वाचवण्यासाठी दुसरा कोणताही मार्ग उरला नाही तरच हे वापर, पण द्वेषाने वापरू नकोस, असे सांगितले. हा प्रसंग नाट्यमय आहे म्हणून सांगितला जातो. त्याचे खरे महत्त्व असे की मनुष्याने केलेला कायदा आणि अंतःकरणातला कायदा यांत विरोध आला तर दुसराच पाळायचा, हे १८४१ चे तत्त्व येथे एका विवाहविधीत उतरले.

१०. त्यांच्यावर खटला झाला होता म्हणतात. शिक्षा झाली का?

नाही. मे १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला बोस्टनमध्ये अटक झाली. २६ मे रोजी फॅन्यूइल हॉलमधील सभेत पार्कर यांनी बोस्टनकरांना ‘व्हर्जिनियाच्या प्रजाजनांनो’ असे हिणवून संबोधले, कारण त्यांच्या मते शहराने आपले स्वातंत्र्य दक्षिणेच्या पायी वाहिले होते. त्याच रात्री जमावाने न्यायालयाच्या इमारतीवर हल्ला केला आणि त्यात एक पहारेकरी मारला गेला. बर्न्स यांना मात्र सोडवता आले नाही. २ जून रोजी सैनिकांच्या पहाऱ्यात त्यांना परत नेण्यात आले. कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणल्याचा आरोप पार्कर यांच्यावर ठेवला गेला, पण एप्रिल १८५५ मध्ये आरोपपत्रातील तांत्रिक दोषामुळे तो रद्द झाला. न्यायालयात मांडण्यासाठी तयार केलेले बचावाचे भाषण वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते त्याच वर्षी भले मोठे पुस्तक करून छापले. खटला न चालल्याची त्यांना थोडी निराशाच झाली असावी, असे ते वाचताना वाटते.

११. जॉन ब्राउन यांच्या बंडाशी त्यांचा संबंध किती होता?

जवळचा. गुलामगिरी शस्त्रबळाने उलथून टाकू पाहणाऱ्या ब्राउन यांना गुप्तपणे पैसा आणि साहाय्य पुरवणाऱ्या सहा जणांपैकी पार्कर एक होते. इतर पाच म्हणजे सॅम्युअल ग्रिडली हाउ, थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन, फ्रँकलिन सॅनबॉर्न, गेरिट स्मिथ आणि जॉर्ज लूथर स्टर्न्स. ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्राउन यांनी व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला तेव्हा पार्कर आजारपणामुळे युरोपात होते. २४ नोव्हेंबर रोजी रोमहून पाठवलेल्या पत्रात त्यांनी हात झटकले नाहीत. उलट, इच्छेविरुद्ध गुलाम करून ठेवलेल्या माणसाला आपल्या स्वातंत्र्याच्या आड येणाऱ्याला ठार मारण्याचा नैसर्गिक हक्क आहे, असे स्पष्ट लिहिले. १८४६-४७ मध्ये मेक्सिकोवरील युद्धाचा कडाडून निषेध करणाऱ्या पार्कर यांची ही भूमिका काहींना विसंगत वाटते. मात्र ते सरसकट अहिंसावादी कधीच नव्हते. त्यांचा निषेध अन्यायी युद्धाचा होता.

१२. ‘नीतिविश्वाची कमान लांब आहे, पण ती न्यायाकडे झुकते’ हे वाक्य मार्टिन लूथर किंग यांचे की पार्कर यांचे?

आज प्रचलित असलेली आटोपशीर शब्दरचना किंग यांच्यामुळे जगभर गेली, पण कल्पना आणि प्रतिमा पार्कर यांची आहे. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मविषयक दहा प्रवचने’ या संग्रहातील न्याय आणि सदसद्विवेक यांवरील प्रवचनात ती येते. तेथे पार्कर म्हणतात की नीतिविश्व आपल्याला समजते असा माझा दावा नाही. त्याची कमान लांब आहे, माझी नजर थोड्याच अंतरापर्यंत पोहोचते, नुसत्या डोळ्यांनी पाहून मला तिची वक्रता मोजून आकृती पुरी करता येत नाही, पण सदसद्विवेकाने तिचा अंदाज करता येतो, आणि जे दिसते त्यावरून ती न्यायाकडे झुकते याची मला खात्री आहे.

संक्षेपात जे गळाले तेच मला महत्त्वाचे वाटते. मूळ वाक्यात आधी अज्ञानाची कबुली आहे, मग नजरेची मर्यादा, आणि मग सदसद्विवेकाच्या आधारावर काढलेला निष्कर्ष. हे वाक्य केवळ आशावादी घोषणा म्हणून वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ते लिहिणारा मनुष्य कमान आपोआप झुकण्याची वाट पाहत बसला नव्हता (प्रश्न ९ ते ११ पाहा). राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या कार्यालयातील गालिच्यावर ते किंग यांच्या नावाने विणले गेले तेव्हा बऱ्याच लोकांना पार्कर हे नाव पहिल्यांदा कळले.

१३. ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी’ हे शब्दही लिंकन यांनी पार्कर यांच्याकडून घेतले का?

बहुधा, पण एवढ्या ठामपणे सांगू नये. २९ मे १८५० रोजी बोस्टनमधील गुलामगिरीविरोधी परिषदेत पार्कर यांनी लोकशाहीची व्याख्या ‘सर्व लोकांचे, सर्व लोकांनी, सर्व लोकांसाठी चालवलेले शासन’ अशी केली, आणि तिची रूपे पुढेही अनेकदा वापरली. लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन हे पार्कर यांचे चाहते होते आणि त्यांचा आपसांत पत्रव्यवहार होता. पार्कर यांच्या १८५८ च्या एका छापील भाषणात ही व्याख्या होती, आपण ते लिंकन यांना दिले, आणि त्यांनी त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण केली, असे हर्नडन यांनी नंतर लिहिले. लिंकन यांनी हे शब्द ज्यात वापरले ते गेटिसबर्गचे भाषण १९ नोव्हेंबर १८६३ चे आहे.

असे असले तरी डॅनियल वेब्स्टर यांनी १८३० मध्येच सिनेटमध्ये अगदी जवळची शब्दरचना वापरली होती, आणि लिंकन यांना ते भाषण चांगले परिचित होते. योगायोग असा की पळपुट्या गुलामांच्या कायद्याला पाठिंबा दिल्याबद्दल याच वेब्स्टर यांच्यावर पार्कर यांनी सर्वांत जहाल टीका केली.

१४. गुलामगिरीचे विरोधक होते, म्हणजे सर्व वंश समान आहेत असे ते मानत होते ना?

दुर्दैवाने नाही. हक्कांच्या बाबतीत ते निःसंदिग्ध होते: स्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक माणसाला माणूस म्हणूनच आहे. पण वंशांच्या क्षमतेत नैसर्गिक चढउतार असतात आणि अँग्लो-सॅक्सन वंश सर्वांत पुढारलेला आहे, ही त्या काळातली सुशिक्षितांत रूढ असलेली समजूत त्यांनीही बाळगली, आणि आफ्रिकी वंशीयांच्या स्वभावाबद्दल आज वाचवणार नाहीत अशी सरसकट विधाने केली. बोस्टनमध्ये आलेल्या आयरिश कॅथलिकांविषयीही त्यांच्या लेखनात पूर्वग्रह दिसतात. काही चरित्रकार हे भाग वगळून जातात, पण ते वगळून पार्कर समजत नाहीत. क्राफ्ट दांपत्यासाठी जीव धोक्यात घालणारा आणि वंशांची उतरंड मांडणारा मनुष्य एकच होता. त्याच्या आतल्या आवाजाने पहिल्या बाबतीत त्याला त्याच्या काळाच्या पुढे नेले आणि दुसऱ्या बाबतीत तो गप्प राहिला.

१५. स्त्रियांच्या हक्कांबाबत त्यांचे मत काय होते?

अनुकूल होते. मार्च १८५३ मध्ये स्त्रियांच्या सार्वजनिक कार्यावरील प्रवचनात त्यांनी राज्यकारभार, व्यवसाय आणि धर्मपीठ यांत स्त्रीला पुरुषाइतकाच हक्क आहे असे मांडले; बहुसंख्य स्त्रिया घरसंसारच पसंत करतील असेही ते गृहीत धरत. प्रार्थनेत ते देवाला पिता आणि माता अशा दोन्ही नावांनी हाक मारत, आणि ही गोष्ट त्यांच्या श्रोत्यांना फार वेगळी वाटे.

१६. त्यांच्या संसाराबद्दल आणि अखेरच्या दिवसांबद्दल काय माहिती आहे?

१८३७ मध्ये त्यांचा लिडिया कॅबट यांच्याशी विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते. जॉर्ज कॅबट या मुलाला त्यांनी वाढवले. क्षय घराण्यातच होता आणि आईप्रमाणेच त्यांची बहुतेक भावंडे त्याने गेली. जानेवारी १८५९ मध्ये एका रविवारी पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली आणि बोस्टनमधील प्रवचने कायमची थांबली. हवापालटासाठी ते कॅरिबियनमधील सांताक्रूझ बेटावर गेले. तेथून त्यांनी मंडळीला जे दीर्घ पत्र लिहिले ते ‘पाळक म्हणून आलेले अनुभव’ या नावाने छापले गेले. पुढे स्वित्झर्लंड, रोम आणि अखेर फ्लॉरेन्स असा प्रवास झाला. आयरिश लेखिका फ्रान्सिस पॉवर कॉब वर्षानुवर्षे त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत होत्या. त्यांची प्रत्यक्ष भेट मरणापूर्वी काही दिवसच झाली. आता दोन थिओडोर पार्कर आहेत, एक इथे इटलीत मरत आहे, दुसरा मी अमेरिकेत रोवून आलो आहे, असे ते आपल्याशी बोलल्याचे कॉब यांनी नोंदवले आहे.

फ्लॉरेन्सच्या इंग्लिश दफनभूमीत त्यांची कबर आहे. गुलामीतून मुक्त झालेले नेते फ्रेडरिक डग्लस १८८७ मध्ये मुद्दाम तेथे जाऊन आले. दहा हजारांहून अधिक पुस्तकांचा आपला संग्रह पार्कर यांनी बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला.

१७. भारताशी किंवा महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध होता का?

ते स्वतः भारतात कधीही आले नाहीत. त्यांच्या विचारांचा संबंध मात्र खरा आहे. १८४२ च्या प्रबंधात ते म्हणतात की खऱ्या मनाने पूजा करणारा कोणत्याही नावाने हाक मारो, ब्रह्म म्हणो वा यहोवा, ती एकाच देवाला पोहोचते. लाकूड-दगडापुढे वाकणारे कितीतरी जण मोझेस, झरथुष्ट्र, सॉक्रेटीस आणि येशू यांच्या पंक्तीला बसतील, असेही ते सांगतात. बंगालमधील ब्राह्म समाजात, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या वर्तुळात, त्यांची पुस्तके आवडीने वाचली गेली. १८५५ पासून कलकत्त्यात असलेले अमेरिकन युनिटेरियन मिशनरी चार्ल्स डॉल यांच्या पत्नी कॅरोलाइन हीली डॉल या बोस्टनमध्ये पार्कर यांच्या अनुयायी होत्या.

महाराष्ट्राशी येणारा संबंध अप्रत्यक्ष आहे. केशवचंद्रांच्या १८६४ च्या मुंबई भेटीनंतर, १८६७ मध्ये, प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि एक ईश्वर, ग्रंथप्रामाण्याचा त्याग व अंतःकरणाची साक्ष ही त्याची भूमिका पार्कर यांच्या भूमिकेशी मिळतीजुळती आहे. पुढे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. यावरून प्रार्थना समाज ही पार्कर यांची शाखा होती असे कोणी म्हणू नये. त्या समाजाची मुळे तुकारामांच्या अभंगांतही तितकीच खोल आहेत.

१८. त्यांचे लेखन वाचायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

थेट प्रबंधापासून करू नये. तो जड आहे आणि तळटिपांत माणूस हरवतो. प्रश्न ५ मधील १८४१ चे प्रवचन आधी वाचावे, कारण ते एका बैठकीत संपते. त्यानंतर सांताक्रूझहून लिहिलेले अनुभवांचे पत्र घ्यावे. त्यात आयुष्याचा आढावा आहे आणि भाषा सर्वांत मोकळी आहे. ज्यांना राजकीय पार्कर हवे आहेत त्यांनी वेब्स्टर यांच्या निधनानंतर ३१ ऑक्टोबर १८५२ रोजी केलेले प्रवचन वाचावे: मृताविषयी चांगलेच बोलावे हा संकेत झुगारूनही त्यात वेब्स्टर यांच्या बुद्धीबद्दलचा आदर आणि त्यांच्या पतनाबद्दलचे दुःख दोन्ही लपत नाहीत. समग्र लेखनाच्या दोन आवृत्त्या आहेत, कॉब यांनी लंडनहून काढलेली चौदा खंडांची आणि प्रश्न ६ मध्ये उल्लेखलेली शताब्दी आवृत्ती. पत्रांसाठी मात्र जॉन वाइस यांचे १८६४ चे दोन खंडांतील चरित्रच पाहावे लागते. मांडणी विस्कळीत असली तरी पार्कर यांचा खाजगी आवाज त्यात भरपूर सापडतो.